टायर बदलल्यानंतर मोटारसायकलचा मागील ब्रेक नीट लागत नाही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकमध्ये मे महिना सरत आला की टायर बदलून घेणाऱ्यांची गर्दी वाढते आणि त्यानंतरच्या आठ-दहा दिवसांत आमच्या गॅरेजात एक ठरलेली तक्रार येऊ लागते: टायर नवा टाकला आणि मागचा ब्रेक गेला. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पाळीवर जाणारे, दिंडोरी-निफाडकडून द्राक्षबागांची कामे आटोपून येणारे, रोज त्र्यंबक रस्त्याने ये-जा करणारे अशा अनेकांनी आतापर्यंत विचारलेले प्रश्न येथे एकत्र केले आहेत. बहुतेक उत्तरे ड्रम ब्रेकविषयी आहेत, कारण रोजच्या वापराच्या गाड्यांना मागे तोच असतो; डिस्क ब्रेकविषयीचे प्रश्न नंतर घेतले आहेत.

टायर रबराचा आणि ब्रेक लोखंडाचा. मग एक बदलल्याने दुसरा कसा बिघडतो?

मागील टायर बदलण्यासाठी चाक काढावे लागते, आणि ड्रम ब्रेकच्या गाडीत ब्रेकचे निम्मे भाग सोडल्याशिवाय चाक बाहेर येत नाही. पेडलपासून चाकाकडे जाणाऱ्या ब्रेक रॉडचा नट, त्यामागची छोटी पिन आणि स्प्रिंग, टॉर्क रॉडचा नट, ॲक्सल म्हणजे चाकाचा आस, त्यावरचे नळीसारखे बुश, दोन्ही बाजूंचे चेन ॲडजस्टर आणि लायनरसकट (लायनर म्हणजे ब्रेक शूवरचा ड्रमला घासणारा थर) ब्रेक प्लेट, एवढे सगळे हाताळले जाते. ते जसे होते तसे परत बसले, तर ब्रेक पूर्वीसारखाच लागायला हवा. त्यामुळे टायर बदलण्याच्या आदल्या दिवसापर्यंत ठीक असलेला ब्रेक दुसऱ्या दिवशी बिघडला असेल, तर तो झिजला असे न समजता काहीतरी राहिले, उलटे बसले किंवा सैल राहिले असे समजून शोध घ्यावा. नवे ब्रेक शू विकत घेण्याची घाई करू नये. आमच्याकडे येणाऱ्या अशा गाड्यांपैकी बऱ्याच गाड्या एकही नवा भाग न घालता परत जातात.

दुकानातून निघण्यापूर्वी पाच मिनिटांत काय पाहावे?

गाडी मेन स्टँडवर घेऊन मागील चाक हाताने फिरवावे. ते दोन-तीन फेरे सहज फिरले पाहिजे. लायनरचा किंचित घासल्यासारखा आवाज चालतो, पण चाक ठरावीक जागी अडकत असेल तर चालत नाही. त्यानंतर पेडल हाताने दाबून चाक थांबते का आणि सोडल्यावर लगेच मोकळे होते का, हे पाहावे. मग वाकून टॉर्क रॉडचे दोन्ही टोकांचे नट, ॲक्सलचा नट आणि ब्रेक रॉडचा नट डोळ्यांनी पाहावेत आणि हात लावूनही पाहावेत. शेवटी चाक दोन्ही हातांनी आडवे हलवून पाहावे. खटखट जाणवली तर गाडी तेथून हलवू नये. दुकानदार घाई करतो, मागे दुसरा ग्राहक उभा असतो, हे खरे आहे. तरीही पैसे देण्यापूर्वीच ही पाहणी करावी.

टॉर्क रॉड म्हणजे नेमके काय, आणि त्याचा एवढा बाऊ का केला जातो?

ड्रम ब्रेकमध्ये लायनर बसवलेली प्लेट चाकासोबत फिरता कामा नये. ब्रेक दाबला की फिरणारा ड्रम लायनरला आणि लायनरसह संपूर्ण प्लेटला आपल्याबरोबर ओढू पाहतो; ही ओढ अडवण्याचे काम प्लेटपासून मागील चाक धरणाऱ्या चिमट्यापर्यंत, म्हणजे स्विंगआर्मपर्यंत, जाणारी लोखंडी पट्टी करते. हाच टॉर्क रॉड. काही गाड्यांमध्ये ही पट्टी नसते. त्याऐवजी प्लेटवरची खाच चिमट्याच्या आतील उंचवट्यावर बसते, आणि चाक चढवताना ही खाच नेमकी त्या उंचवट्यावर आली आहे का हे मुद्दाम पाहावे लागते.

या एका नटाविषयी मी हट्टाने बोलतो, त्याला स्वतःचा अनुभव कारण आहे. काही वर्षांपूर्वी वेळ नसल्यामुळे मी माझ्याच गाडीचा मागील टायर शहरातील एका दुकानात बदलून घेतला आणि काम चालू असताना समोरच्या टपरीवर चहा घेत उभा राहिलो. तेथून दोन-तीन किलोमीटर गेल्यावर मुंबई नाक्याच्या अलीकडे सिग्नलला ब्रेक दाबला, तेव्हा खालून खाडकन आवाज आला, पेडलने पायाला उलट वर ढकलले आणि चाक जागच्या जागी आवळले गेले. वेग कमी होता म्हणून गाडी केवळ फरफटत थांबली. खाली पाहिले तर टॉर्क रॉड एका टोकाने लोंबत होता, ब्रेक प्लेट जागेवरून फिरली होती आणि ब्रेक रॉड तिच्या कडेवर ताणला जाऊन वाकला होता. नट लावलेलाच नव्हता. पट्टी नुसती बोल्टवर अडकवून ठेवली होती, आणि हळू चालवताना ब्रेक जोरात न दाबल्यामुळे तेवढ्यावरही ती तग धरून राहिली होती.

प्लेट फिरू लागली की ब्रेकची दांडी, म्हणजे ब्रेक रॉड ज्याला जोडलेला असतो तो प्लेटवरचा दांडा, मागे ओढली जाते, त्यामुळे ब्रेक आणखी आवळतो, आणि आवळलेला ब्रेक प्लेटला आणखी जोराने फिरवतो. म्हणून अशा वेळी पाय उचलूनही चाक सुटत नाही. ज्या गाड्यांत या नटातून कॉटर पिन जाते, तेथे जुनी पिन सरळ करून पुन्हा वापरण्याची सवय सर्वत्र दिसते. पिन काही रुपयांची असते आणि दोनदा वाकवलेली पिन तिसऱ्यांदा तुटते, तेव्हा नवी पिनच घालावी. तारेचा तुकडा पिळून बसवणे हा उपाय घरापर्यंत पोहोचण्यापुरताच आहे.

पेडल पूर्वीपेक्षा खूप खाली जाते, मगच ब्रेक लागतो. बिघाड कोठे आहे?

हा सर्वांत जास्त विचारला जाणारा आणि सर्वांत सोपा प्रश्न आहे. चाक काढताना ब्रेक रॉडचा नट पूर्ण सोडलेला असतो आणि बसवताना तो अंदाजाने आवळलेला असतो. पेडलला हलक्या हाताने दाबल्यावर ब्रेक लागू लागेपर्यंत जे अंतर मिळते, ते रोजच्या वापराच्या बहुतेक गाड्यांमध्ये २० ते ३० मिलिमीटर असते, म्हणजे साधारण दीड-दोन बोटांच्या रुंदीइतके. नट आत फिरवला की हे अंतर कमी होते आणि बाहेर काढला की वाढते.

या नटाच्या तोंडाला अर्धगोल खोबण असते आणि ती ब्रेकच्या दांडीतल्या आडव्या गोल पिनवर बसते. म्हणून नट अर्ध्या-अर्ध्या फेऱ्याने टक् करून बसतो, आणि खोबण पिनवर बसली असेल तेथेच तो थांबवावा लागतो. खोबण पिनच्या आडवी राहिली, तर त्या क्षणी अंतर बरोबर दिसते, पण पहिल्या खड्ड्यात नट आपोआप पाव फेरा फिरून जागेवर बसतो आणि पेडल पुन्हा सैल होते. सकाळी केलेला ब्रेक दुपारी सैल झाला, अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांच्या गाडीत बहुधा हेच झालेले असते.

येथे एक क्रम पाळावा लागतो: चेन आधी आणि ब्रेक नंतर. चेन आवळण्यासाठी चाक मागे सरकवले की ब्रेकची दांडी पेडलपासून लांब जाते आणि ब्रेक आपोआप घट्ट होतो. चाक पुढे घेतले की तो सैल पडतो. आधी ब्रेक आणि मग चेन, या उलट क्रमाने काम केले तर ब्रेक पुन्हा लावावाच लागतो, आणि तो लावायचा विसरला गेला की गाडी आमच्याकडे येते.

पाय काढल्यावरही ब्रेक सुटत नाही आणि गाडी ढकलताना जड लागते.

सर्वप्रथम ब्रेक रॉडवरची स्प्रिंग जागेवर आहे का ते पाहावे. दांडी आणि रॉड यांच्यामध्ये असणारी ही छोटी स्प्रिंग चाक उतरवताना निसटते, घरंगळत टायरच्या ढिगाखाली जाते आणि तिच्याविना गाडी जोडली जाते. त्यानंतर पेडलचे मोकळे अंतर पाहावे. ते शून्याच्या जवळ असेल तर नट सैल करावा.

हे दोन्ही ठीक असेल, तर लायनर पसरवणारा ब्रेक कॅम आपल्या भोकात जाम झालेला असतो. आपल्याकडे पावसाळ्यात चिखल आणि उन्हाळ्यात बारीक धूळ या भोकात जाऊन बसते. द्राक्षपट्ट्यातून येणाऱ्या गाड्यांमध्ये एक खास प्रकार दिसतो. फवारणीचे डबे आणि पंप मागे बांधून नेल्यामुळे मोरचूद-चुन्याच्या मिश्रणाचे ओघळ मागील चाकावर येतात, आणि मोरचुदाने लोखंड व ॲल्युमिनियम दोन्ही खाल्ले जात असल्यामुळे कॅम, रॉड आणि नट यांवर हिरवट-पांढरे पापुद्रे चढतात. चाक बाहेर आलेलेच असते, तेव्हा कॅम काढून स्वच्छ करावा, बारीक पॉलिश पेपरने घासावा आणि अगदी थोडे ग्रीस लावून बसवावा. टायर बदलताना हे काम दहा मिनिटांत होते. नंतर त्यासाठी पुन्हा चाक उतरवावे लागते.

ॲक्सल आवळला की चाक जाम होते आणि सैल केला की मोकळे फिरते. ब्रेकच दोषी आहे का?

नाही, येथे ब्रेकला हात लावू नये. हे लक्षण बुशचे आहे. ॲक्सलवर चाकाच्या एका किंवा दोन्ही बाजूंना ठरावीक लांबीचे बुश असतात. त्यातला एखादा राहिला, उलटा बसला किंवा एका बाजूचा दुसऱ्या बाजूला गेला, तर नट आवळताच बेअरिंगवर आडवा दाब येतो किंवा ब्रेक प्लेट थेट ड्रमच्या कडेवर दाबली जाते. नट थोडा सैल ठेवून चाक फिरतेसे करणे हा यावरचा सर्वांत घातक उपाय आहे, आणि तो केलेला मी पाहिला आहे. चाक उतरवून बुश मोजावेत. टायरवाल्याच्या दुकानातील फरशीवर पडलेला बुश हा बहुधा आपलाच असतो, तेव्हा तेथे एक फेरी मारून यावी.

याच प्रकारात हबमधील, म्हणजे चाकाच्या मधल्या भागातील, रबरही येतात. चेनच्या बाजूला दातेरी चक्राचा भाग ज्या रबरांवर बसतो, ती चाक उतरवताना बाहेर पडतात आणि घाईत तिरकी बसवली गेली तर तो भाग पूर्ण आत जात नाही. मग चाक दोन-तीन मिलिमीटर एका बाजूला राहते.

रॉडचा नट शेवटच्या आट्यापर्यंत आवळला तरी ब्रेक लागत नाही.

येथे तीन शक्यता आहेत. पहिली, लायनर खरोखरच संपले आहेत. ब्रेकच्या दांडीवर एक बाण असतो आणि प्लेटवर एक खूण असते. पेडल पूर्ण दाबल्यावर बाण त्या खुणेपर्यंत पोहोचला तर लायनर बदलण्याची वेळ झाली आहे. लायनरची जाडी २ मिलिमीटरच्या आसपास आली की बहुतेक गाड्यांमध्ये शू बदलतात. ड्रमही झिजतो, त्याच्या आत कमाल व्यास ओतीव अक्षरांत दिलेला असतो, उदाहरणार्थ ११० मिलिमीटरच्या ड्रमसाठी १११ आणि १३० च्या ड्रमसाठी १३१. लायनर नवे घालूनही ब्रेक लवकर सैल होत असेल तर हा आकडा वाचून ड्रम मोजावा.

दुसरी शक्यता अशी की कोणीतरी दांडी कॅमवरून काढली आणि दाता चुकवून बसवली. ब्रेक पूर्ण लागलेला असताना दांडी आणि रॉड यांच्यातील कोन काटकोनाच्या जवळ, पण त्याच्या अलीकडे असावा. दांडी काटकोन ओलांडून पुढे झुकली की पायाचा जोर वाया जातो, पेडल दगडासारखे लागते आणि चाक मात्र थांबत नाही. दांडी एक-दोन दाते मागे घेऊन हे सुधारता येते. पण झिजलेले लायनर लपवण्यासाठी दांडी फिरवून देण्याचा जो उद्योग चालतो, तो करू नये, कारण त्यामुळे वर सांगितलेल्या बाणाच्या खुणेला काही अर्थ उरत नाही आणि कॅम उलटून ब्रेक अडकण्याचा धोका निर्माण होतो.

तिसरी शक्यता म्हणजे जुने शू वरचा खाली आणि खालचा वर असे बदलून बसले आहेत. दोन्ही शू सारखे दिसत असले तरी एक जास्त झिजलेला असतो, आणि ड्रममधील त्यांची जागा बदलली की सुरुवातीला लायनर पूर्ण टेकत नाही. शू काढण्यापूर्वी मार्करने वर आणि खाली असे लिहून ठेवावे.

सगळे भाग जागेवर आहेत, तरी ब्रेक अर्धवट लागल्यासारखा वाटतो. एखादी सोपी युक्ती आहे का?

ब्रेक प्लेट ड्रमच्या मध्यावर बसली नसेल तर एकच लायनर टेकतो आणि दुसरा रिकामा राहतो. ॲक्सलचा नट थोडा सैल करावा, चेन ॲडजस्टरच्या खुणा दोन्ही बाजूंना सारख्या आहेत याची खात्री करावी, एकाने पेडल जोराने दाबून धरावे आणि त्याच अवस्थेत दुसऱ्याने ॲक्सलचा नट आवळावा. लायनर ड्रमला टेकलेले असल्यामुळे प्लेट स्वतःच मध्यावर येते. नट किती आवळावा याचा आकडा गाडीच्या माहितीपुस्तिकेत असतो आणि तो टॉर्क पान्यानेच मिळतो. पाइप घालून लांब केलेल्या पान्याने आवळण्याची पद्धत सोडून द्यावी. त्यानंतर टॉर्क रॉड आवळावा आणि सर्वांत शेवटी पेडलचे अंतर लावावे.

लायनरला ग्रीस लागले आहे. धुऊन चालेल का?

ड्रम धुता येतो, लायनर नाही. लायनर तेल शोषून घेतो. वरून कोरडा झाला तरी ब्रेक तापला की आतले तेल पुन्हा वर येते. थोडासा डाग असेल तर वरचा थर पॉलिश पेपरने काढून पाहता येते, पण लायनर काळपट-ओला दिसत असेल तर शू बदलावेत. ड्रम धुण्यासाठी रॉकेल किंवा डिझेल वापरू नये, कारण ते स्वतःच तेलकट थर मागे ठेवतात. ब्रेक क्लीनर वापरावा. आतली काळी भुकटी कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी; जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते आणि ती धूळ फुप्फुसात जाता कामा नये.

टायर बदलल्यापासून ब्रेक दाबला की चिरका आवाज येतो.

टायर बदलताना गळती पाहण्यासाठी चाक पाण्याच्या टाकीत बुडवतात आणि ड्रम उघडाच असल्यामुळे तो आतून ओला होतो. रात्रभर गाडी उभी राहिली की त्यावर गंजाचा पातळ थर येतो. असा आवाज दहा-वीस वेळा हलका ब्रेक वापरल्यावर आपोआप जातो. दोन दिवसांनंतरही राहिला तर लायनर चकचकीत झालेला असतो. त्यावर पॉलिश पेपर फिरवून तो खरबरीत करावा. घर्रघर्र असा, धातू धातूवर घासल्याचा आवाज मात्र वेगळा असतो. तो ऐकू आल्यास त्याच दिवशी चाक उघडावे.

आता पेडलला नुसता पाय लावला तरी मागचे चाक घसरते. ब्रेक जास्त घट्ट झाला आहे का?

बहुतेक वेळा ब्रेकचा यात काहीच दोष नसतो. नवा टायर साच्यातून सुटताना त्याचा पृष्ठभाग गुळगुळीत आणि किंचित निसरडा असतो, आणि पहिले शंभर-दीडशे किलोमीटर चालल्यावर तो थर जातो. तोपर्यंत वळणावर झुकणे आणि पेडल एकदम दाबणे टाळावे. दुसरे कारण हवेचे आहे. ट्यूबलेस टायर रिमवर बसवण्यासाठी टायरवाला चाळीस किंवा त्याहून जास्त पौंड हवा भरतो आणि नंतर ती कमी करायला विसरतो. कडक फुगलेला टायर रस्त्याला कमी टेकतो आणि लवकर घसरतो. चेन कव्हरवर किंवा चिमट्यावर असलेल्या स्टिकरवरचा आकडा पाहून हवा लावून घ्यावी. टायरच्या बाजूवर बाण असेल तर तो पुढे फिरण्याच्या दिशेनेच आहे का, हेही पाहून घ्यावे. नव्या टायरला चमक यावी म्हणून पॉलिश लावून देतात, त्याला स्पष्ट नकार द्यावा.

मागे डिस्क ब्रेक आहे. टायर बदलल्यावर पेडल रिकामे जाते.

घाबरण्याचे कारण नाही, परंतु गाडी मात्र चालवू नये. डिस्क पुन्हा मध्ये घालता यावी म्हणून डिस्कला दोन्ही बाजूंनी धरणारे पॅड आणि त्यांना दाबणाऱ्या कॅलिपरचा पिस्टन मागे ढकललेला असतो. तो पुढे येऊन पॅड डिस्कला टेकेपर्यंत पेडल रिकामे जाते. गाडी उभी असतानाच पेडल दहा-पंधरा वेळा दाबावे, म्हणजे ते कडक होईल. हे न करता दुकानातून निघणारा माणूस पहिल्या चौकात ब्रेक दाबतो तेव्हा त्याच्या हाती केवळ पुढचा ब्रेक असतो.

एवढे करूनही पेडल स्पंजासारखे लागत असेल तर ब्रेक ऑइलमध्ये हवा शिरली आहे आणि ती काढावी लागेल. ऑइलच्या डब्याच्या झाकणावर डॉट ३ किंवा डॉट ४ असे लिहिलेले असते, तेच वापरावे, आणि सीलबंद डब्यातलेच घ्यावे, कारण हे ऑइल हवेतली ओल शोषते. दोन वर्षांनी ते बदलावे. रंगावर सांडले तर रंग उचलतो, म्हणून लगेच पाण्याने धुवावे.

चाक बाहेर असताना कोणी पेडल दाबले, तर दोन्ही पॅड एकमेकांना चिकटतात आणि पिस्टन बाहेर येण्याचीही शक्यता असते. दुकानात लहान मूल बरोबर असेल तर विशेष लक्ष ठेवावे. पॅडच्या मध्ये पुठ्ठ्याची जाड घडी सारून ठेवली की हा प्रश्न उरत नाही.

डिस्क घासते किंवा पेडल पायाखाली धडधडते.

घासण्याचे कारण बहुधा तिरके बसलेले चाक असते; चेन ॲडजस्टरच्या खुणा तपासाव्यात आणि कॅलिपर धरणाऱ्या ब्रॅकेटची खाच चिमट्यावरील गुटक्यावर बसली आहे का ते पाहावे. धडधड मात्र वाकलेल्या डिस्कची असते. टायर उतरवताना चाक डिस्कच्या बाजूने जमिनीवर टाकून वर पाय देऊन उभे राहिले की डिस्क वाकते, आणि ती ठोकून सरळ होत नाही. चाक कधीही डिस्क वर ठेवूनच आडवे करावे, असे काम सुरू होण्यापूर्वीच सांगावे. टायर बसवण्यासाठी लावलेले साबणाचे पाणी किंवा ग्रीस पॅडवर गेले असेल तर पॅडचे नियम लायनरसारखेच आहेत.

एबीएसचा, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा, दिवा जात नाही. टायरशी त्याचा काय संबंध?

चाकाचा वेग मोजणारे सेन्सर आणि दातेरी किंवा छिद्रांची कडी मागील हबजवळच असते. सेन्सरची वायर ताणली गेली, कडीवर टायर लिव्हर बसली किंवा सेन्सरच्या टोकावर चिखल साचला, तर दिवा जळत राहतो. चावी लावल्यावर दिवा लागणे आणि गाडी थोडी पुढे गेल्यावर विझणे हे योग्य आहे. दिवा राहिला तरी साधा ब्रेक लागतो, मात्र चाक जाम होण्यापासून मिळणारे संरक्षण नसते.

१ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरील नव्या दुचाकींना एबीएस आणि १२५ सीसीपर्यंतच्या दुचाकींना एबीएस किंवा सीबीएस बंधनकारक झाले. सीबीएसच्या गाडीत मागचे पेडल केबलद्वारे पुढचा ब्रेकही थोडा लावते. म्हणून मागचा नट फिरवल्यावर पुढच्या ब्रेकचा वाटाही बदलतो. माहितीपुस्तिकेत दिलेल्या पद्धतीने दोन्ही तपासावेत.

ब्रेकचा दिवा सतत जळतो किंवा जळतच नाही.

पेडलला एका बारीक स्प्रिंगने स्विच जोडलेला असतो. पेडलची उंची बदलली की दिवा लागण्याची वेळही बदलते. स्विचच्या अंगावरचा प्लास्टिकचा नट फिरवून स्विच वर घेतला तर दिवा लवकर लागतो आणि खाली नेला तर उशिरा. स्प्रिंग निसटलेली असेल तर ती अडकवावी.

एक माप मोठा टायर टाकला आहे. ब्रेकवर परिणाम होतो का?

होतो. रुंद टायर टॉर्क रॉडला, ब्रेक रॉडला किंवा चेन कव्हरला घासू शकतो, आणि मागे कोणी बसल्यावर सस्पेन्शन दबले की ते अंतर आणखी कमी होते. टॉर्क रॉडची आतली बाजू चकचकीत दिसली तर टायर घासतो आहे हे निश्चित समजावे. पट्टी बाहेरच्या बाजूला ठोकून वाकवणे हा उपाय नाही. मूळ मापाचा टायर घ्यावा.

टायर काल बदलला आणि उद्या वणीला किंवा कसारा घाटातून मुंबईला जायचे आहे.

शक्य असेल तर दोन दिवस थांबावे. नांदुरीहून सप्तशृंगी गडावर जाणारा घाट उतरताना मागे एक माणूस बसलेला असेल तर मागील ब्रेक सतत दाबून ठेवण्याचा मोह होतो. ड्रम तापतो, लायनरची पकड जाते आणि पेडल जिवंत वाटेनासे होते. गाडी दुसऱ्या किंवा तिसऱ्या गिअरमध्ये ठेवून, दोन्ही ब्रेक मधूनमधून वापरत उतरावे. नुकत्याच जुळवलेल्या ब्रेकचे अंतर पहिल्या तापण्यानंतर बदलते, हे लक्षात घ्यावे. इगतपुरीच्या पावसात ड्रममध्ये पाणी गेले तर ब्रेक काही क्षण लागत नाही. पाणथळ रस्ता संपल्यावर हलका ब्रेक लावत थोडे अंतर चालवले की तो कोरडा होतो.

जायचेच असेल तर आदल्या संध्याकाळी गंगापूर धरणापर्यंत एक चक्कर मारून यावी आणि परतल्यावर हबला हात जवळ नेऊन पाहावे. ब्रेक फारसा न वापरताही हब चटका बसण्याइतका गरम असेल तर लायनर घासत आहे. नट, रॉड आणि पिन पुन्हा एकदा पाहून पेडलचे अंतर नव्याने लावावे.

टायरवाल्याला आधीच काय सांगावे म्हणजे हे प्रश्नच येणार नाहीत?

चाक उतरवताना समोर उभे राहावे आणि मोबाइलवर दोन्ही बाजूंचे फोटो काढावेत. बुश कोठून निघाले, ब्रेक रॉडचे किती आटे बाहेर होते आणि चेन ॲडजस्टर कोणत्या खुणेवर होते, हे त्यात दिसते. सुटे भाग फरशीवर न ठेवता टोपीत किंवा हेल्मेटमध्ये ठेवायला सांगावेत. नवी कॉटर पिन घरूनच खिशात घेऊन जावी.